प्रोसेसरला न विचारता: मायक्रोकंट्रोलरचे भाग एकमेकांशी थेट कसे बोलतात



सोलर पंप कंट्रोलर आणि मोटर पॅनलचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, ही चिप सेकंदाला ७ कोटी २० लाख ठोके मारते म्हणता, तं मंग आयजीबीटी जळेपर्यंत ती करत काय होती?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. उत्तर असं की ती दुसऱ्या कामात होती. डिस्प्लेवर अक्षरं लिहीत होती, नाहीतर जीएसएम मॉड्यूलचा मेसेज वाचत होती. वेग भरपूर होता, पण त्या क्षणी लक्ष तिकडे नव्हतं.

चांगला डिझायनर म्हणूनच काही कामं प्रोसेसरच्या हातात ठेवतच नाही. चिपमधले बाकीचे भाग ती आपसात उरकतात. हे कसं होतं, कुठे वापरायचं आणि कुठे अजिबात वापरायचं नाही, ते आज बघू. अकोला-अमरावतीकडे जे लोक एमआयडीसीच्या गाळ्यात किंवा घरामागच्या खोलीत पॅनल बनवतात, कंट्रोलर रिपेअर करतात, त्यांच्यासाठी हा विषय थेट वॉरंटीच्या खर्चाचा आहे. २०१९ पासूनची पीएम-कुसुम आणि २०२४ पासूनची राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना यामुळे आपल्याकडे शेतोशेती सौर पंप दिसायला लागलेत. आंबिया बहाराचं पाणी चालू असताना कंट्रोलर जळाला, तर तुमचं मॉड्यूल जातं आणि शेतकऱ्याचा बहार जातो.

आधी चिपच्या आत कोण कोण बसलंय ते बघा

मायक्रोकंट्रोलर म्हणजे नुसता प्रोसेसर नव्हे. एकाच चिपमध्ये प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि बाजूला बरेच कामकरी भाग असतात. टायमर वेळ मोजतो आणि पल्स काढतो. एडीसी व्होल्टेज मोजून आकडा देतो. कंपॅरेटर दोन व्होल्टेज ताडून 'जास्त' की 'कमी' एवढंच सांगतो. सिरियल पोर्ट बाहेरच्या मॉड्यूलशी बोलतो. या कामकऱ्यांना म्हणायचं पेरिफेरल.

सुरुवातीला आपण सगळे प्रोग्राम लिहितो ते असे: प्रोसेसर प्रत्येकाकडे जाऊन विचारतो, "झालं का तुझं?" याला पोलिंग म्हणतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे इंटरप्ट. इथे पेरिफेरल स्वतः हाक मारतो, प्रोसेसर हातातलं काम ठेवून येतो, निस्तरतो आणि परत जातो.

इंटरप्ट वाईट नाही. एसटीएम३२एफ१०३ या चिपमधला कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसर साधारण १२ ठोक्यांत हाकेला ओ देतो. ७२ मेगाहर्ट्झला हे एका मायक्रोसेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी झालं. पण हे प्रोसेसर मोकळा असताना. त्याच वेळी जास्त महत्त्वाचा दुसरा इंटरप्ट चालू असेल, किंवा प्रोग्राममध्ये कुठे इंटरप्ट काही वेळ बंद ठेवलेले असतील, तर हाक मारणारा दारात उभा राहतो. किती वेळ? ते त्या क्षणावर अवलंबून. दुखणं हेच आहे.

आता आकडे बघा. आपल्या पॅनलवरचा साधा १६ बाय २ चा एलसीडी एक अक्षर लिहायला साधारण ४० मायक्रोसेकंद घेतो. स्क्रीन पुसायचा हुकूम दीड मिलिसेकंद घेतो. जीएसएम मॉड्यूलशी ९६०० च्या बॉड रेटने बोलत असाल तर एका अक्षराला जवळपास १ मिलिसेकंद लागतो. आणि आयजीबीटी? शॉर्ट सर्किटमध्ये तो साधारण १० मायक्रोसेकंद तग धरतो, काही नवीन प्रकार तर त्याहून कमी. म्हणजे प्रोसेसर डिस्प्लेवर एक अक्षर लिहून होईपर्यंत आयजीबीटीचा जीव चार वेळा जाऊन येतो.

हे तुम्हाला आधीपासून माहीत आहे

विहिरीवरचा जुना स्टार्टर आठवा. त्यात प्रोसेसर कुठे असतो? कुठेच नाही. तरी मोटर वाचते.

ओव्हरलोड रिलेमधली पट्टी करंटने तापते, वाकते आणि एक कॉन्टॅक्ट उघडते. तो कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सिरीजमध्ये असतो. कॉइल सुटते, मोटर बंद. रिले कॉन्टॅक्टरशी थेट बोलला, मध्ये कोणी साहेब नाही. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये अजून एक गंमत असते. स्टारचा कॉन्टॅक्टर ओढलेला असेपर्यंत त्याचाच एक कॉन्टॅक्ट डेल्टाच्या कॉइलची वाट तोडून ठेवतो. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. ऑपरेटर झोपेत असला तरी नाही.

वायरमन ही जोडणी एकदा करून देतो आणि पुढची कित्येक वर्षं ती आपलं काम करते. मायक्रोकंट्रोलरमधली थेट जोडणी हीच आहे. फरक एवढाच की वायर सिलिकॉनच्या आत असतात आणि कोणती कुठे जोडायची ते प्रोग्रामच्या सुरुवातीला रजिस्टरमध्ये लिहून सांगायचं. जोडणी प्रोसेसरच करून देतो, पण नंतर मध्ये पडत नाही.

थेट बोलण्याचे चार प्रकार

पहिला, ट्रिगर. टायमरने एडीसीला सांगायचं, "आता मोज." समजा पंपाच्या ड्राइव्हमध्ये ८ किलोहर्ट्झची पल्स आहे, म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक चक्र. मोटरचा करंट मोजायचा तो पल्सच्या बरोबर मध्यावर, कारण कडेला आयजीबीटी स्विच होताना गोंगाट असतो. हे काम इंटरप्टने केलं तर मोजणी कधी २ मायक्रोसेकंद उशिरा, कधी १० उशिरा. आकडे नाचतात आणि आपण सेन्सरला दोष देत बसतो. टायमरने थेट एडीसीला इशारा दिला की मोजणी दरवेळी त्याच जागी होते. ही सोय साध्या अर्डुइनो उनोच्या एटीमेगा३२८पी मध्येही आहे. त्याचा एडीसी टायमरच्या इशाऱ्यावर चालतो, आणि त्याचा कंपॅरेटर टायमर १ च्या कॅप्चरला आतूनच जोडता येतो. आपण `ॲनालॉगरीड` च्या पुढे जात नाही म्हणून ते दिसत नाही.

दुसरा, डीएमए. हा माल वाहून नेणारा. अकोल्याच्या दाल मिलमध्ये एका मशीनमधून निघालेला दाणा पुढच्या मशीनवर बकेट एलिव्हेटर चढवतो. तो नसेल तर हमालाला प्रत्येक पोतं उचलून न्यावं लागेल. एडीसीने काढलेला आकडा मेमरीत ठेवणं हे असंच पोतं उचलायचं काम आहे. वर सांगितलेल्या ड्राइव्हमध्ये तीन फेजचे करंट मोजले तर सेकंदाला २४ हजार आकडे होतात. डीएमए ते स्वतः नेऊन मेमरीत ओळीने ठेवतो आणि अर्धी किंवा पूर्ण रांग भरली की प्रोसेसरला एकदाच हाक मारतो. एफ१०३ मध्ये अशा ७ वाटा आहेत, रास्पबेरी पाय पिकोच्या आरपी२०४० मध्ये १२. एक लक्षात ठेवा, डीएमए फुकट नाही. मेमरीकडे जाणारा रस्ता तो आणि प्रोसेसर दोघं वापरतात. दोघं एकदम आले की एकाला थांबावं लागतं.

तिसरा, इव्हेंटचं जाळं. इथे कोणत्याही पेरिफेरलची घटना दुसऱ्या कोणत्या पेरिफेरलच्या कामाला जोडायची, ते आपण निवडतो. ॲटमेलने २००८ मध्ये एक्समेगा चिपमध्ये याला इव्हेंट सिस्टिम म्हटलं. आज तीच गोष्ट अर्डुइनो नॅनो एव्हरीवरच्या एटीमेगा४८०९ मध्ये ८ चॅनेलसह मिळते. नॉर्डिकच्या चिपमध्ये तिला पीपीआय म्हणतात, रेनेसासकडे इव्हेंट लिंक कंट्रोलर. सिलिकॉन लॅब्जच्या चिपमध्ये नाव आहे पेरिफेरल रिफ्लेक्स सिस्टिम. मला हे नाव सगळ्यात आवडतं. शाळेत प्रतिक्षिप्त क्रिया शिकलो होतो ना? तव्याला हात लागला की हात आधी मागे येतो, चटका बसल्याचं मेंदूला नंतर कळतं. अगदी तेच. बॅटरीवरच्या उपकरणात याचा अजून एक फायदा होतो. शेतातला ओलावा मोजणारं यंत्र असेल तर टायमर आणि एडीसी आपसात मोजणी उरकतात आणि प्रोसेसर झोपून राहतो. बॅटरी जास्त दिवस जाते.

चौथा, ब्रेक. पॉवरचं काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात मोलाचा. मोटर चालवणाऱ्या टायमरला एक वेगळी ब्रेक इनपुट असते. तिथे धोक्याचा सिग्नल आला की टायमर आपल्या सगळ्या पल्स तिथल्या तिथे तोडतो. एसटीएम३२ च्या टायमर १ मध्ये हे चिपचा क्लॉक बंद पडला तरी चालतं. याच टायमरमध्ये डेड-टाइमची सोय असते. वरचा आणि खालचा आयजीबीटी कधीच एकदम लागू नयेत म्हणून दोघांच्या मध्ये सक्तीचं अंतर. स्टार आणि डेल्टाचं इंटरलॉक आठवलं ना?

सौर पंपात हे कसं जोडायचं

बोअरमधल्या केबलचा जॉइंट पाण्यात सैल झाला, किंवा वाळूने इम्पेलर अडकला. करंट झेप घेतो. आपल्याकडे आहेत फक्त १० मायक्रोसेकंद.

करंट मोजणाऱ्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज कंपॅरेटरला द्या. कंपॅरेटरचं आउटपुट टायमरच्या ब्रेकला द्या. एफ१०३ मध्ये आतला कंपॅरेटर नाही, म्हणून बाहेर एक आयसी लावावी लागते आणि तिचं आउटपुट पीबी१२ पिनवर आणावं लागतं. एसटीएम३२एफ३०३ किंवा जी४ मालिकेत कंपॅरेटर आतच असतो आणि ब्रेकला आतूनच जोडता येतो. तयार पॉवर मॉड्यूल वापरत असाल तर बहुतेकांना स्वतःची फॉल्ट पिन असते, तीच ब्रेकवर आणा. गेट ड्रायव्हरच्या इनपुटला पुल-डाउन रेझिस्टर विसरू नका. ब्रेकनंतर चिपने पिन मोकळी सोडली तरी ती शून्यालाच राहिली पाहिजे.

चांगला कंपॅरेटर एका मायक्रोसेकंदाच्या आसपास किंवा त्याआधी निर्णय देतो. टायमरला त्याहून फार कमी वेळ लागतो. उरलेला वेळ गेट ड्रायव्हरला आणि आयजीबीटीला बंद व्हायला मिळतो. या सगळ्यात प्रोसेसर कुठेच नाही. तो डिस्प्लेवर अक्षर लिहीत असला तर लिहू द्या. त्याला नंतर इंटरप्ट येईल, "ब्रेक लागला होता बरं का."

लोक म्हणतात, थेट जोडणीने प्रोसेसरचा वेळ वाचतो. वाचतो, नाही असं नाही. पण आपल्या धंद्यात खरी कमाई वेगळी आहे: वेळ पक्की होते. आज २ मायक्रोसेकंद लागले तर उद्याही तेवढेच. पुढच्या महिन्यात तुम्ही प्रोग्राममध्ये नवीन मेन्यू टाकला, तरीही तेवढेच. ज्या संरक्षणाचा वेळ सांगता येतो, त्याचीच वॉरंटी देता येते.

आता सावध व्हायची जागा: ऑटोस्विच

थेट जोडणी विचार करत नाही. हा तिचा गुण आहे आणि तोच तिचा दोष आहे. हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त कळतं, कारण त्याने ऑटोस्विच बघितलाय.

ऑटोस्विचचं काम साधं: लाइट आली की पंप चालू. माणूस हजर पाहिजे असं नाही. एका पंपापुरतं बघितलं तर किती सोयीचं! पण एका रोहित्रावरचे सगळेच पंप ऑटोवर असले की काय होतं? लाइट येते त्याच क्षणी सगळे एकदम उठतात. डीओएल स्टार्टरवर मोटर सुरू होताना पूर्ण लोडच्या साधारण ५ ते ७ पट करंट ओढते. सगळ्यांचा हा भार एकाच वेळी आला की रोहित्र जळतं, आणि मग सगळ्यांचंच पाणी बंद. महावितरण शेतकऱ्यांना 'ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा' असं पुन्हा पुन्हा सांगत आलंय ते याचसाठी.

सौर पंपाला रोहित्र नसतं, पण हाच ऑटोस्विच चिपच्या आत लपलेला आहे. एसटीएम३२ च्या टायमरमध्ये ब्रेक लागला की मुख्य आउटपुटचा बिट, त्याला एमओई म्हणतात, हार्डवेअर शून्य करतो. तो परत १ करायचं काम प्रोग्रामचं. पण शेजारीच एओई नावाचा बिट आहे. तो चालू ठेवला तर ब्रेकचा सिग्नल गेल्याबरोबर पुढच्या चक्राला टायमर आपोआप परत सुरू होतो. केबलमध्ये शॉर्ट असेल तर काय होईल विचार करा. बंद, चालू, शॉर्ट. बंद, चालू, शॉर्ट. सेकंदाला हजारो वेळा. पहिल्या धक्क्यात वाचलेला आयजीबीटी अशा माऱ्यात जातोच.

चक्राचक्राला करंट मर्यादेत ठेवायच्या काही डिझाइनमध्ये एओई मुद्दाम वापरतात. पण शॉर्टच्या संरक्षणात तो बंद पाहिजे. ओव्हरलोड रिलेवर 'हँड' आणि 'ऑटो' रिसेटची खूण असते ना, तीच ही गोष्ट.

म्हणून नियम एकच, लिहून ठेवा: बंद करायचा हुकूम थेट, चालू करायचा हुकूम विचार करून.

बंद करताना चूक झाली तर पंप थोडा वेळ थांबतो. चालू करताना चूक झाली तर मॉड्यूल जातं, नाहीतर पंपाला हात लावून बसलेल्या माणसाचा जीव जातो. कारखान्यातल्या लाल इमर्जन्सी बटणाचाही हाच कायदा आहे. दाबायला कोणाचीही परवानगी लागत नाही. पण बटण परत वर ओढल्याने मशीन आपोआप सुरू होता कामा नये, त्यासाठी वेगळं स्टार्ट दाबावं लागतं.

कोणतं काम कोणाकडे?

- मायक्रोसेकंदांत ठरवायचं: शॉर्ट, करंटची झेप. कंपॅरेटर आणि ब्रेक, थेट.
- मिलिसेकंदांत ठरवायचं: मोटरचा वेग आणि करंट सांभाळणं. टायमर, एडीसी आणि डीएमए आकडे आणून देतील, इंटरप्टमध्ये प्रोसेसर हिशोब करेल.
- सेकंद आणि मिनिटांत ठरवायचं: ड्राय रन, टाकी भरली, ढग आले. मुख्य प्रोग्राम. वरुड-मोर्शीकडे उन्हाळ्यात बोअर खाली जातात तेव्हा पंप कोरडा चालणं हा रोजचा धोका आहे, पण तिथे घाई नाही. नीट दोन-तीनदा तपासून थांबवा.
- परत चालू करायचं की नाही: प्रोसेसर. ठरलेला वेळ थांबा, कारण नोंदवा, एकदा प्रयत्न करा. लागोपाठ तीनदा ब्रेक लागला तर कुलूप लावा आणि डिस्प्लेवर लिहा. पुढचं माणूस बघेल.

घरी करून बघा

ब्लू पिल बोर्ड घ्या. मोटर नको, डीसी बस नको, फक्त पीए८ वर रेझिस्टरसह एलईडी. क्यूबएमएक्समध्ये टायमर १ च्या पहिल्या चॅनेलवर पल्स चालू करा, ब्रेक इनपुट चालू करा, पोलॅरिटी हाय ठेवा आणि ऑटोमॅटिक आउटपुट बंद ठेवा. पीबी१२ ला १० किलोओहमने ग्राउंडला बांधा.

आता गंमत. पल्स सुरू केल्यावर प्रोग्राममध्ये सगळे इंटरप्ट बंद करा आणि प्रोसेसरला रिकाम्या अनंत लूपमध्ये अडकवा. तो आता कोणत्याच कामाचा नाही. एलईडी चालूच असेल, कारण टायमर आपला चाललाय. पीबी१२ ला ३.३ व्होल्टचा स्पर्श द्या. एलईडी गेला पाहिजे. वायर काढा. एलईडी परत आला नाही पाहिजे. आला तर एओई चालू राहिलाय.

तुम्ही बनवलेल्या प्रत्येक नव्या डिझाइनची ही परीक्षा कमी व्होल्टेजच्या, करंट बांधलेल्या सप्लायवर घ्या: प्रोसेसर गोठवा आणि मग फॉल्ट द्या. संरक्षण चाललं तर ते खरोखर थेट आहे. नाही चाललं तर तुमचं संरक्षण अजून साहेबाच्या मर्जीवर आहे. एक धोका सांगून ठेवतो. डीबगरने प्रोसेसर थांबवला तरी टायमर थांबतोच असं नाही. पल्स जिथे होती तिथेच अडकते आणि मोटरच्या वाइंडिंगमधून सरळ डीसी वाहायला लागतो. म्हणून पूर्ण पॅनल व्होल्टेजवर डीबगरचा पॉज बटण दाबू नका.

विकत घेऊन विकणाऱ्यांनी आणि रिपेअरवाल्यांनी सप्लायरला एवढे दोन प्रश्न विचारायचे: "शॉर्टचं संरक्षण हार्डवेअरमध्ये आहे का सॉफ्टवेअरमध्ये? आणि ट्रिप झाल्यावर परत चालू कोण करतं?" ज्याला या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन देता येत नाहीत, त्याच्या कंट्रोलरवर आपलं नाव चिकटवण्याआधी एक नमुना टेबलावर जाळून बघा. शेतात जळण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

प्रयोग केला की एलईडी परत आला की नाही, ते व्हिडिओखाली नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!